देवळाला हात नको, बांधाला हवा

होनोलुलूच्या विमानतळावर उतरलेला पर्यटक ओआहू बेटाच्या पलीकडच्या किनाऱ्याला निघाला की बऱ्याचदा एच-३ महामार्ग धरतो. हालावाच्या खोऱ्यातून चढत जाणारा आणि कोओलाऊ डोंगर बोगद्याने ओलांडून कानेओहेच्या हिरव्यागार कड्यांसमोर बाहेर पडणारा हा रस्ता अमेरिकेतल्या देखण्या रस्त्यांमध्ये गणला जातो. सुमारे १३० कोटी डॉलर खर्चून तो डिसेंबर १९९७ मध्ये खुला झाला. लोक गाडीच्या काचेतून फोटो काढतात. वाटेतल्या भरावाच्या मातीखाली कुकुइओकाने नावाचे हेइआऊ गाडले गेले आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही.

हेइआऊ म्हणजे जुन्या हवाईयन लोकांचे दगडी देवस्थान. रस्त्याचे काम चालू असताना कुकुइओकानेवरून पुरातत्त्वज्ञांमध्येच जुंपली. उतारावरच्या या दगडी पायऱ्या देवळाच्या की शेताच्या? एका बाजूचे म्हणणे असे, की ही तर अळूची जुनी खाचरे. जणू खाचरे असली तर गाडायला हरकत नव्हती! वाद निकाली निघण्याआधीच भराव पडला.

माझे भांडण या विचाराशी आहे. देऊळ निघाले तर वाचवू, शेत निघाले तर बुलडोझर चालवू, हा हिशेब हवाईत लागूच पडत नाही. तिथे जमिनीची वाटणी डोंगरमाथ्यापासून थेट समुद्रातल्या खडकांपर्यंत उभ्या पट्ट्यांनी होत असे. अशा पट्ट्याला आहुपुआआ म्हणत. वर जंगल, मधे खाचरे आणि कोरडवाहू शेते, खाली मत्स्यतळी. पिकाचा पहिला वाटा लोनोचा. तो पावसाचा आणि सुगीचा देव. किनाऱ्यावर मासेमारी करणाऱ्यांची ‘कोआ’ नावाची छोटी दगडी ठाणी असत, पहिला मासा तिथे ठेवायचा. आणि मोठ्या चौथऱ्यांवर राजांची लुआकिनी देवळे, युद्धाचा देव ‘कू’ याची. लुआकिनीत नरबळी दिले जात. ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण ते सांगितले की पाडापाडीला मुभा मिळते, असेही नाही.

आता अळूचे बघा. हवाईत त्याला कालो म्हणतात. आपण ज्याच्या वड्या आणि फतफते करतो, त्याच जातीचे हे अळू. आशियातून बेटाबेटाने पूर्वेकडे सरकत ते पॉलिनेशियन दर्यावर्द्यांच्या होड्यांतून हवाईला पोचले. आपला जीव पानांवर, त्यांचा कंदावर. कंद शिजवून, दगडी मुसळाने कुटून त्याची पोई करतात. त्यांच्या कथेनुसार आकाशपिता वाकेआ आणि होओहोकूकालानी यांचे पहिले मूल मृत जन्मले. ते जिथे पुरले तिथे अळू उगवले. दुसरे मूल हालोआ, माणसांचा पूर्वज. म्हणजे अळू हा थोरला भाऊ. थोरल्याने धाकट्याचे पोट भरायचे, धाकट्याने थोरल्याची निगा राखायची. ज्या लोकांचे पिकाशी हे नाते, त्यांच्या खाचरांना ‘देऊळ नाही, शेतच आहे’ असे म्हणून वाटेला लावणे हा अडाणीपणा आहे, मग तो कितीही पदव्या घेतलेल्या माणसाचा असो.

आणि शेती काही परसातली नव्हती. हवाई बेटाच्या उत्तर टोकाला कोहालाच्या उतारांवर सुमारे ६० चौरस किलोमीटरवर दगडमातीचे बुटके बांध पसरलेले आहेत. एकामागे एक, वाऱ्याला आडवे. मधून वर चढत जाणाऱ्या पायवाटा, त्याच हद्दी. पाट नाही, विहीर नाही. सगळी शेती पावसाच्या भरवशावर, मुख्य पीक रताळे. या उतारावर वारा बाराही महिने झोडपतो, म्हणून बांधावर ऊस लावायचा आणि त्याच्या आडोशाला वेल वाढवायचे. चौदाव्या-पंधराव्या शतकापासून पुढे चारेकशे वर्षे लोक एका बांधाच्या मधे दुसरा घालत गेले. विमानातून लेझर किरणांनी केलेल्या पाहणीत हे सगळे फणीच्या दातांसारखे दिसते. जमिनीवर उभे राहिले तर गवतात पायाला दगड अडखळतो, एवढेच. आज तिथे गुरे चरतात. युरोपीय लोक येण्यापूर्वी या बेटांवर किती माणसे राहत, याचे अंदाज तीन-चार लाखांपासून आठ लाखांपर्यंत जातात. जी काही होती, ती याच जमिनीवर जेवत होती. आज हवाईचे ८५ ते ९० टक्के अन्न जहाजाने आणि विमानाने येते, असे तिथले सरकारी अहवालच सांगतात. बंदर महिनाभर बंद पडले तर काय, हा प्रश्न तिथे कोणी गमतीने विचारत नाही.

हे दगड नुसते जुने म्हणून जपायचे नाहीत. त्यांत नोंदी आहेत. माउई बेटाच्या दक्षिणेला काहिकिनुई नावाचा रखरखीत, लाव्हाचा प्रदेश आहे. तिथल्या देवळांच्या भिंतींत आणि वेद्यांवर पोवळ्याच्या फांद्या सापडतात. समुद्रातून जिवंत पोवळे तोडून आणायचे आणि देवाला वाहायचे, ही रीत. ज्या दिवशी ते तोडले त्या दिवशी त्याची वाढ थांबली, म्हणजे त्यावर जणू तारीखच पडली. पॅट्रिक कर्च आणि वॉरन शार्प यांनी अशा फांद्यांतल्या युरेनियम-थोरियमचे मोजमाप करून २००५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात निष्कर्ष मांडला. कार्बनच्या कालमापनात दीडदोनशे वर्षांचा घोळ राहू शकतो, इथे तो काही वर्षांवर आला. कळले असे, की ही देवळे शतकानुशतके हळूहळू उभी राहिली नव्हती. साधारण १५८० ते १६४० या साठेक वर्षांत, म्हणजे दोन-तीन पिढ्यांत, झपाट्याने बांधली गेली. एका राजाने बेट ताब्यात घेतले आणि सुगीचा वाटा वसूल करण्याची घडी बसवली, तिचा हा दगडी पुरावा. बोटभर लांबीची पांढरी फांदी. कोणी ‘छान आहे’ म्हणून खिशात टाकली की त्या देवळाची तारीख गेली.

एक आक्षेप नेहमी येतो: हे देव तर हवाईयन लोकांनी स्वतःच मोडले, मग आता कळवळा कशाला? खरे आहे. मे १८१९ मध्ये राजा कामेहामेहा (पहिला) वारला. त्याची राणी काआहुमानू आणि वारस लिहोलिहो यांनी त्याच वर्षी स्त्री-पुरुषांनी एकत्र जेवायचे नाही हा निर्बंध मोडला आणि देवळे मोडायचा हुकूम काढला. ख्रिस्ती मिशनरी त्यानंतर, १८२० मध्ये आले. जुन्या धर्माच्या बाजूने उभा राहिलेला केकुआओकालानी आणि त्याच्या शेजारी लढणारी त्याची बायको मानोनो कुआमोओच्या लाव्हामाळावर मारली गेली. पण त्या हुकमाने जळाल्या त्या लाकडी मूर्ती आणि गवताची छपरे. दगडी चौथरे बहुतेक ठिकाणी राहिले. कित्येक घरांनी जुनी पूजा गुपचूप चालूही ठेवली. दगड गेले ते पुढे. ऊस आणि अननसाच्या मळ्यांनी ते उखडले, रस्त्यांच्या खडीत टाकले, कुंपणाला वापरले. कॅप्टन व्हँकूव्हरने १७९३ मध्ये कामेहामेहाला गुरे भेट दिली. त्यांना हात लावायला बंदी होती, ती रानटी झाली आणि त्यांनी बांध तुडवले. १८२८ मध्ये किआवेचे झाड आले, आपल्या वेड्या बाभळीचे सख्खे भावंड. त्याची मुळे आजही भिंतींत घुसतात. लाहाइनात मोकुउला हे माउईच्या राजांचे तळ्यातले ठिकाण १९१४ मध्ये भर घालून बुजवले आणि वर खेळाचे मैदान केले. ऑगस्ट २०२३ च्या वणव्यात लाहाइना जळून खाक झाल्यावर ते तळे पुन्हा मोकळे करा, ही मागणी जोरात पुढे आली आहे. एवढ्यासाठी गाव जळावे लागले.

तेव्हा ‘त्यांनीच मोडले’ हे अर्धसत्य आहे, आणि ते बहुधा जमीन विकणाऱ्याच्या तोंडी असते.

हवाईयन लोकांनी हातावर हात ठेवून पाहत बसणे पन्नास वर्षांपूर्वीच सोडले. काहोओलावे हे निर्जन झालेले बेट १९४१ पासून अमेरिकी नौदलाच्या बॉम्बफेकीचे लक्ष्य होते. ४ जानेवारी १९७६ रोजी नऊ जण बंदी झुगारून त्या बेटावर उतरले. पुढच्या वर्षी मार्चमध्ये या चळवळीचा गायक-नेता जॉर्ज हेल्म आणि त्याचा सोबती किमो मिचेल समुद्रात नाहीसे झाले. १९८१ मध्ये सगळे बेट अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक नोंदवहीत चढले, कारण त्यावर मासेमारीची ठाणी, वस्त्यांच्या खुणा, जुन्या खाणी शेकड्यांनी होत्या. गंमत अशी, की नोंद झाल्यावरही बॉम्ब पडतच राहिले! ते थांबले १९९० मध्ये. १९९४ मध्ये बेट राज्याकडे परत आले. नौदलाने साफसफाई केली ती पृष्ठभागाच्या सुमारे पाऊण भागाची. खोलवर न फुटलेले बॉम्ब अजून आहेत. त्या बेटावर आता व्यापारी वापराला कायद्याने बंदी आहे, आणि लोनोचा माकाहिकी उत्सव १९८२ पासून पुन्हा होतो.

हे जुने झाले म्हणून सोडून द्यायचे नाही, कारण पुढची तारीख जवळ आली आहे. ओआहूवरचे माकुआ खोरे आणि हवाई बेटावरचे पोहाकुलोआ यांतली राज्याची जमीन लष्कराकडे १९६४ पासून ६५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने आहे. भाडे किती? एक डॉलर. सगळ्या मुदतीचे मिळून. हे पट्टे ऑगस्ट २०२९ मध्ये संपतात. माकुआत देवळांचे आणि जुन्या शेतांचे अवशेष आहेत आणि तिथे दशकानुदशके जिवंत दारूगोळ्याचा सराव चालला. पुढे काय, याचा निकाल याच काही वर्षांत लागायचा आहे.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे. हवाईत घरे परवडत नाहीत, मूळ हवाईयन कुटुंबेच बेट सोडून लास व्हेगासला जात आहेत. अशा वेळी प्रत्येक खोदकामाआधी दगडांची तपासणी कशाला? हे मला पटते आणि पटत नाही. राज्याच्या वारसा विभागाकडे माणसे कमी आणि फायली जास्त, त्यामुळे परवानगी रखडते, ही तक्रार खरी आहे. पण त्यावर उपाय माणसे वाढवणे हा आहे, तपासणी उडवणे हा नव्हे. होनोलुलूच्या रेल्वे प्रकल्पात सबंध मार्गाची पुरातत्त्वीय पाहणी न करता टप्प्याटप्प्याने काम सुरू केले. एका हवाईयन महिलेने दावा लावला आणि २०१२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले: आधी सगळी पाहणी, मग बांधकाम. काम वर्षभर थांबले. आधी पाहणी केली असती तर ते वर्ष आणि तो पैसा वाचला असता. माउईवर होनोकाहुआला तर १९८०च्या दशकाअखेरीस हॉटेलच्या पायासाठी खोदताना अकराशेच्या आसपास पुरलेले देह निघाले, तेव्हा कुठे लोक रस्त्यावर आले आणि हॉटेल मागे सरकले. घर बांधणाऱ्याने शत्रू मानायचे ते दगडांना नव्हे, आधी खोदून मग विचारणाऱ्यांना.

आता तो भाग, ज्यासाठी हा लेख खरोखर लिहिला.

दगड वाचतात ते कायद्याने कमी आणि हातांनी जास्त. ओआहूच्या कानेओहे उपसागरात हेएइआ नावाचे मत्स्यतळे आहे. ८८ एकर, सहाशे ते आठशे वर्षे जुने. समुद्राच्या उथळ पाण्यात दोन किलोमीटरहून लांब वर्तुळाकार बांध घातलेला. दोन्ही अंगांना काळ्या दगडांची कोरडी रचाई, ना चुना ना सिमेंट, आणि पोटात पोवळ्याची भर. गोव्याच्या खाजणातली मानस ज्यांनी पाहिली असेल त्यांना त्याचे दार लगेच कळेल: लाकडी काठ्यांच्या फटींतून बोयीची पिल्ले आत येतात, आतले शेवाळ खाऊन फुगतात आणि मग त्याच फटींतून बाहेर जाता येत नाही. चारा घालायचा नाही, पाठलाग करायचा नाही. १९६५ च्या पुरात या बांधाला मोठे भगदाड पडले, तळे मोडकळीला आले, वर खारफुटीने गिळले. आपल्याकडे खारफुटी तोडणे हा गुन्हा, आणि तो असलाच पाहिजे. पण हवाईत ती उपरी आहे, १९०२ मध्ये मोलोकाईवर चिखल धरून ठेवायला बाहेरून आणून लावलेली. तिथे ती मुळांनी बांध फोडते. २००१ मध्ये काही तरुण हवाईयन मंडळींनी ‘पाएपाए ओ हेएइआ’ ही संस्था काढली आणि हातकरवतीपासून सुरुवात केली. डिसेंबर २०१२ मध्ये ते भगदाड बुजवायला दोन हजारांवर माणसे आली. रांग करून, हातोहात दगड देत त्यांनी काम उचलले.

ही रांग त्यांच्या आठवणीत मुरलेली आहे. कामेहामेहाने १७९०-९१ मध्ये कावाइहाएला पुउकोहोला हेइआऊ बांधले, तेव्हा पोलोलू खोऱ्यापासून तीस किलोमीटरहून लांब माणसांची साखळी उभी होती आणि समुद्राने घासलेले दगड हातोहात आले, अशी परंपरा सांगते. १५ ऑक्टोबर २००६ च्या ६.७ तीव्रतेच्या भूकंपात त्या भिंती ठिकठिकाणी ढासळल्या. दुरुस्ती करणाऱ्यांनी सिमेंटच्या गोणी आणल्या नाहीत. कोरडी रचाई जाणणारे गवंडी बसले. तळाला मोठा दगड, त्याची लांब बाजू भिंतीच्या पोटात. वरचा दगड खालच्या दोघांच्या सांध्यावर. दर्शनी भिंत किंचित आत कललेली. पोटात बारीक दगडांची दाबून भर. असा दगड बसला की हलवून बघायचा, डुगडुगला तर काढून पुन्हा फिरवायचा. कोकणात गडगा घालणारा माणूस हे सगळे न शिकवता ओळखेल. अशी भिंत हलते पण सहसा एकदम कोसळत नाही, आणि पडली तर तोच दगड पुन्हा लागतो. सिमेंट घातलेली भिंत तडकते, आणि आत तुंबलेले पाणी तिला फुगवते.

म्हणून वाचकहो, विशेषतः अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकहो, तुमच्याकडे थेट मागणे आहे. कॅलिफोर्नियातून हवाई पाच-सहा तासांवर. लग्नाचा वाढदिवस, मुलांची सुट्टी, आईवडील भारतातून आले की बेट ठरलेले. २०१९ मध्ये एक कोटीहून अधिक पाहुणे तिथे उतरले, त्यांत आपणही होतो. हेइआऊसमोर उभे राहाल तेव्हा भिंतीवर चढू नका, आत जाऊ नका, दगडावर दगड रचून मनोरे करू नका. आपला हात देवस्थान दिसले की खिशातल्या नाण्याकडे, फुलाकडे, उदबत्तीकडे जातो. भाव चांगला असतो, पण तो इथे आवरा. नाण्याने आणि उदबत्तीच्या काजळीने दगड खराब होतो, आणि दुसऱ्याच्या देवाला काय वाहायचे हे त्याच्या लेकरांनी ठरवायचे असते. पानात गुंडाळून दगड ठेवण्याची जी ‘हवाईयन प्रथा’ म्हणून पर्यटक चालवतात, तिला तर तिथले राखणदार हात जोडून विरोध करतात. पोवळ्याची फांदी, गोटा, लाव्हाचा तुकडा काहीही आणू नका.

मात्र खाचरांत आणि मत्स्यतळ्यांवर नेमके उलटे. तिथे हात हवे आहेत. हेएइआला शनिवारी स्वयंसेवकांचे काम असते. ओआहूवरच कैलुआत उलुपो हेइआऊ आहे. त्याच्या पायथ्याशी कावाइनुई दलदलीच्या काठावर लोक पुन्हा अळू लावत आहेत. काउआईच्या उत्तर किनाऱ्याला लिमाहुलीची दगडी खाचरे पुन्हा पाण्याखाली आली आहेत. राज्यभरात कालो आज फक्त काहीशे एकरांवर उरला आहे; प्रत्येक खाचर वाढले तर फरक पडतो. बृहन्महाराष्ट्र मंडळाला आणि गावोगावच्या महाराष्ट्र मंडळांना माझी सूचना आहे: हवाईला जाणाऱ्या सभासदांसाठी अशा ठिकाणांची यादी करा, आणि गटाने जाणार असाल तर सहलीत कामाची एक सकाळ आधीच धरा. हवाईतच स्थायिक असलेल्या मराठी कुटुंबांनी एक पाऊल पुढे जावे. लष्करी पट्ट्यांवर, वारसा कायद्यातल्या बदलांवर जनसुनावण्या होतात. तिथे काही मिनिटे बोलता येते, दोन ओळींचे निवेदन पाठवता येते. पण बोलण्याआधी हवाईयन लोक काय मागत आहेत ते ऐका. त्यांची जमीन आहे, आपण पाठीशी उभे राहायचे.

पुढच्या सहलीचे तिकीट काढाल तेव्हा हॉटेलबरोबर एखाद्या खाचराच्या किंवा मत्स्यतळ्याच्या कामालाही नाव नोंदवा. जुने बूट न्या, चिखलात उतरा, आणि दगड पुढच्या माणसाच्या हाती द्या.